बंद मागांचा दिवस

सिद्धारामच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी आईला चहा देत होतो. "बाबा गेले, काका," एवढंच ती म्हणाली. फोन ठेवल्यावर माझी नजर आधी गेली ती आईच्या उशाशी असलेल्या, त्यानं बनवून दिलेल्या राखाडी पेटीकडे...

सिद्धाराम माझा शाळेपासूनचा मित्र. सोलापुरात त्याचं स्टॅबिलायझर बनवायचं छोटं दुकान होतं. तांब्याच्या तारेचे वेढे तो कन्नडात मोजायचा. मध्ये कुणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून. आईला घरी प्राणवायूचं यंत्र लावावं लागलं आणि गल्लीतले यंत्रमाग सुरू झाले की व्होल्टेज पडून ते बंद व्हायला लागलं, तेव्हा तो आपणहून स्टॅबिलायझरची ही पेटी घेऊन आला. "सगळं व्होल्टेज नव्यानं बनवायचं न्हाय," तो मला समजावत होता, "जेवढं कमी पडतंय तेवढीच भर घालायची. म्हणून पेटी फार तापत न्हाय. तापली म्हणजे वीज वाया चालली." प्रत्येक पेटीवर तळहात ठेवून ती तापली का पाहायची त्याची सवय होती.

मागांच्या सुटीच्या दिवशी मात्र उलटं झालं. माग थांबले, व्होल्टेज चढलं, पेटीनं त्यात आणखी भर घातली आणि यंत्र बंद पडलं. आईला धाप लागली. सिद्धाराम लुंगीवरच धावत आला. पेटी काढून त्यानं यंत्र सरळ जोडलं आणि आईची धाप कमी होईपर्यंत तिचे पाय दाबत राहिला. मग म्हणाला, "काकू, चूक माझी हाय. चालू मागांवर मोजलं. बंद मागांचा दिवस ध्यानातच आला न्हाय."

"बरं झालं," आई म्हणाली. "न्हायतर सुटीच्या दिवशी तू कुटं येतोस आमच्याकडं?"

त्यानं पेटी नेली आणि सुधारून आणली. आता कमी पडलं की ती भर घालायची, जास्त झालं की त्याच वेढ्यांचा जोर उलटा फिरवून तेवढंच वजा करायची. बदल होताना आत बारीक टक् वाजायचं. तरीही त्यानंतर दर सुटीला येऊन तो पेटीवर हात ठेवायचा.

"चहासाठी येतोस तू," आई चिडवायची.

"व्हय की," तो म्हणायचा.

तो गेल्यानंतरच्या पहिल्या सुटीला गल्ली शांत झाली. मी पुस्तक उघडून बसलो होतो, पान काही उलटलं नव्हतं. पेटीत टक् वाजलं... यंत्र चालूच राहिलं.

"हात लावून बघ की," आई म्हणाली.

मी तळहात ठेवला.

"तापली का?"

"नाही, आई."

हात मात्र मी लगेच काढला नाही.