फाटलेल्या पत्राची शेवटची ओळ

त्या प्रकरणाची आठवण आजही ताजी आहे. निजामाच्या राज्याची अखेरची वर्षं होती. मी उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका ठाण्यावर अमीन होतो. अमीन म्हणजे आजच्या भाषेत फौजदार.

एके सकाळी माकणी गावची एक विधवा बाई फिर्याद द्यायला आली. वय पन्नाशीचं. नवरा सुतार होता, चार वर्षांपूर्वी वारलेला. तिच्या लाकडी पेटीतून नवऱ्याची पत्रं चोरीला गेली होती.

"आणखी काय गेलं?" मी विचारलं.

"काय न्हाय. चांदीचे गोट तसेच हाईत."

जमादार हसला. मला मात्र नवल वाटलं. चांदी सोडून कागद नेणारा चोर मी तोवर पाहिला नव्हता.

मी माकणीला जाऊन पंचनामा केला. कुलूप शाबूत, कौलं जागच्या जागी. बाई ती पेटी वर्षातून एकदाच, नवऱ्याच्या तिथीला उघडत असे. म्हणजे चोरी वर्षभरात केव्हाही झाली असावी, आणि किल्ली कुठल्या कोनाड्यात असते हे चोराला ठाऊक असावं. परका चोर घर उचकटतो. घरचा माणूस काही हलवत नाही.

अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडायचं एक लाकडी यंत्र होतं. हातानं दांडा फिरवला की शेंगा आतल्या जाळीवर घासून फुटत, टरफल एकीकडे आणि दाणे दुसरीकडे पडत. आजूबाजूच्या गावांच्या शेंगा तिथं फोडायला येत, त्यावर तिचं पोट चाले. नवरा बार्शीच्या एका जिनिंग कारखान्यात कामाला होता. तिथं सुट्या वेळात त्यानं हे यंत्र जुळवलं आणि प्रत्येक बदल पत्रानं घरी कळवला.

"पत्रं वाचून कोण दाखवायचं?"

"पुतण्या. मला अक्षर येत न्हाय. तवा त्यो हितंच ऱ्हायला व्हता."

पुतण्या आता कळंबला राहत होता. तिनं त्याच्यावर संशय घेतला नाही, आणि मीही घाई केली नाही.

पंधरा दिवसांनी बातमी आली. बाजार-बाजार फिरून बांगड्या विकणारा एक कासार आमचा खबरी होता. तो म्हणाला, "साहेब, माकणीच्या सुताराचं यंत्र कळंबच्या बाजारात लई खपतंय. वर पितळी पाटी हाय, पुतण्याच्या नावाची."

त्याच आठवड्यात बाई पुन्हा ठाण्यावर आली. पुतण्यानं तिला वकिलामार्फत नोटीस धाडली होती. यंत्राची सरकारी सनद, ज्याला आता आपण पेटंट म्हणतो, ती हैदराबादहून त्याला मिळाली होती. त्याच्या परवानगीशिवाय तिनं अंगणातलं यंत्र चालवू नये, असा मजकूर होता.

"मालकानं सोताच्या हातानं केलेलं यंत्र हाय," ती म्हणाली. "त्ये बंद केलं तर म्या खायाचं काय?"

मी पुतण्याला ठाण्यावर बोलावलं. तिशीचा, स्वच्छ कपड्यातला, शांत माणूस. सनद त्यानं बरोबरच आणली होती.

"काकूचं मनावर घेऊ नका, साहेब. यंत्र मूळ माझ्या वडलांचं. काकानं त्यावरनं आपलं केलं. अन् पत्रात काय व्हतं ते काकूला काय ठावं? तिला वाचता येतं व्हय?"

सनदेवर खरा शिक्का होता. मी त्याला जाऊ दिलं.

मग वरिष्ठांची चिठ्ठी घेऊन मी हैदराबादला गेलो. सनदांचे अर्ज जिथं जपून ठेवत त्या दफ्तरखान्यात एक वयस्क कारकून होते. "अर्जदार सनद घेऊन जातो, बाकीचे कागद आमच्याकडेच राहतात," ते म्हणाले आणि तासाभरात त्यांनी लाल फितीत बांधलेली फाईल काढून दिली.

उर्दू अर्जाला एक मोडीतलं पत्र जोडलं होतं. यंत्र अर्जदाराच्याच घरात तयार झाल्याचा पुरावा कचेरीनं मागितला, तेव्हा पुतण्यानं ते वडलांचं म्हणून दिलेलं. वरचा मायना फाडलेला होता आणि खालची कडाही. फाडताना शेवटच्या ओळीची फक्त वरची रेघ आणि अक्षरांचे माथे कागदावर राहिले होते. मी रीतसर पावती देऊन मूळ पत्र मोहोरबंद ताब्यात घेतलं.

ठाण्यावर दोन पंचांसमोर मी बाईला बसवलं. पत्र पाकिटातच ठेवलं आणि विचारलं, "कुठलं पत्र आठवतं का?"

"समदी आठवत्यात," ती म्हणाली आणि डोळे मिटून सांगू लागली. मी लिहून घेत गेलो. कोणत्या पत्रात कुणाच्या लग्नाची बातमी होती, कोणत्या पत्रात दांडा कितीदा मोडला, सगळं तिला ठाऊक होतं. सहावं पत्र सुरू झालं तेव्हा हेच ते, हे ओळखून मी पाकीट फोडलं. शब्द न् शब्द जुळत होता. कागद जिथं फाटला होता तिथंही ती थांबली नाही.

"जाळी तू सांगितलीस तशी गोल केली. आता दाणा फुटत नाही."

मी ती ओळ मोडीत लिहून फाटक्या कडेशी धरली. राहिलेले माथे तिच्यातल्या अक्षरांचेच होते. एक पंच पुढं वाकून बराच वेळ पाहत राहिला.

पुतण्याला पुन्हा आणलं. मी त्याच्यावर हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही. बाईचा जबाब फक्त वाचून दाखवला. शेवटच्या ओळीला त्यानं मान खाली घातली.

"म्याच वाचून दावली व्हती," तो म्हणाला. "तिच्या ध्यानात ऱ्हातील असं वाटलं न्हाय."

उरलेली पत्रं कळंबला त्याच्या दुकानात सापडली. पुढची सुधारणा त्यांतूनच करायची म्हणून त्यानं ती जाळली नव्हती. चोरीबद्दल त्याला शिक्षा झाली. सनद रद्द व्हायला बरेच महिने लागले. नव्या सनदेत मयत सुताराचं नाव आलं, आणि त्याच्या शेजारी बायकोचंही.

मुद्देमाल परत देताना मी बाईला विचारलं, "जाळीची कल्पना तुमची होती, हे पहिल्याच दिवशी का सांगितलं नाही?"

तिनं पत्रांचं गाठोडं पदरात घेतलं. "तुमी पेटीतलं काय गेलं ते इचारलं, साहेब. यंत्र कुनाच्या डोक्यातनं निघालं ते कुठं इचारलं?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. अक्षर येत नाही म्हटल्यावर तिला पत्रातलं काय कळणार, असं पुतण्यानं धरून चाललं. यंत्र सुताराचं म्हटल्यावर बायकोचा त्याच्याशी काय संबंध, असं मीही धरून चाललो होतो. आम्हा दोघांची चूक एकाच जातीची होती.

पुढं पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, जबाब उर्दूऐवजी मराठीत लिहिले जाऊ लागले. निवृत्त होईपर्यंत मी एक नेम पाळला. जबाबावर अंगठा घेण्याआधी समोरच्याला विचारायचं, "मी विचारायचं राहिलंय असं काही आहे का?" बहुतेक लोक नाही म्हणत. काही मात्र उठता उठता पुन्हा खाली बसत, आणि खरी हकीकत तिथून सुरू होई.