हातवाऱ्यांची डॉक्टरेट

आमच्या ताईने पीएचडीला विषय निवडला तोच मुळी जगावेगळा. शिक्षक शिकवताना हातवारे कसे करतात, त्यातून मुलांना काय कळतं, आणि हे सगळं चित्रं काढून मांडायचं. थोडी चित्रकला, थोडं संवादशास्त्र, थोडं शिक्षणशास्त्र. ती शाळेत चित्रकला शिकवते, तेव्हा हौस समजू शकते. पण दोन डगरींवर पाय ठेवू नये म्हणतात, हिने तिसरी डगर शोधून काढली.

घरात कोणी बोलायला लागलं की ही कागद घेऊन त्याचे हात काढायला बसे. शेवटी आई वैतागून हात पाठीमागे बांधून भांडायला लागली, आणि तिच्या भांडणातला जोरच गेला. बाबा तेवढ्यापुरते संशोधनाच्या बाजूचे झाले.

मार्गदर्शक तीन. चित्रकलेचे सर म्हणत, "ही चित्रं नव्हेत, आकृत्या आहेत. शिक्षणशास्त्राकडे न्या." शिक्षणशास्त्राचे सर गोड बोलून मॅडमकडे पाठवत. संवादशास्त्राच्या मॅडम नुसती पानं चाळून म्हणत, "यात चित्रंच फार आहेत हो." की स्वारी परत चित्रकलेच्या दारात. जिने चढउतार करून ताईचे गुडघे गेले आणि मुदतही संपत आली. आता तोंडी परीक्षेनंतर तिघांच्या सह्या झाल्या नाहीत, तर नोंदणी रद्द आणि सगळी मेहनत पाण्यात.

परीक्षा सगळ्यांना खुली होती. मी आणि आई मागच्या बाकावर जीव मुठीत धरून बसलो. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई म्हणाल्या, "उत्तम काम आहे. कोणत्या विभागाचं म्हणायचं?"

झालं! कालपर्यंत कोणालाच नको असलेलं पोर एकदम सगळ्यांचं लाडकं झालं.

"अर्थात शिक्षणशास्त्राचं!"

"अहो, पाया संवादशास्त्राचा आहे," मॅडम म्हणाल्या.

"आणि चित्रं काय आभाळातून पडली?" चित्रकलेचे सर कडाडले.

ताईला कोणी काही विचारेना. ती सवयीने मान खाली घालून पेन्सिल चालवत बसली.

"काय काढताय?" परीक्षक बाईंनी विचारलं.

ताईचा चेहरा उतरला. सह्या अजून व्हायच्या होत्या. "लपव म्हणावं तो कागद," आई पुटपुटली. पण ताईने कागद वर धरला. मध्ये प्रबंध, आणि तो आपापल्याकडे ओढणारे तिघांचे हात. चेहरे नव्हते, तरी कोणते हात कोणाचे ते लगेच कळत होतं.

"शब्द आणि हात वेगळं बोलले, तर मुलं हातांवर विश्वास ठेवतात," ताई म्हणाली. "माझ्या कामाचं कौतुक ऐकलं मी आत्ता. पण हात नुसते ओढतायत."

मॅडमनी हात टेबलाखाली घेतले, शिक्षणशास्त्राच्या सरांनी खिशात घातले. चित्रकलेचे सर उठले, कागद घेऊन खिडकीपाशी गेले. आता हे फाडणार, असं वाटून मी डोळे मिटले.

"अंगठा चुकलाय," ते म्हणाले.

त्यांनी ताईची पेन्सिल मागून घेतली आणि स्वतःच्याच अंगठ्याची रेघ नीट केली. इतक्या वर्षांत ताईच्या एकाही चित्राला त्यांनी हात लावला नव्हता. मग त्यांनी प्रबंधावर सही केली, आणि त्यांचं बघून बाकीच्या दोघांनीही. ताई सगळ्यांदेखत हमसून हमसून रडायला लागली. मॅडम गोंधळून म्हणाल्या, "अहो, पास झालात तुम्ही!"