आक्काचा डावा तळहात

भूत, भानामती, अंगात येणं, उतारे... यातलं काहीही मी मानत नाही. हे वाचून झाल्यावर ‘पण सर, काहीतरी असतंच ना’ असं मला कुणी सांगायला येऊ नये. क्लिनिकमध्ये रोज कुणी ना कुणी ते सांगून जातं आणि मी त्याला पार बेजार झालोय. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मेंदू, नस आणि स्नायू – माणसाच्या अंगात जे हलतं ते या तिघांमुळे हलतं, आणि हे तिघं ऐकत नसतील तर बाहेरून करंट देऊन मी हलवतो. एवढं सरळ आहे ते. गेल्या वर्षी वालूरला मी जे पाहिलं ते यात कुठंच बसत नाही, म्हणून लिहितोय. आणि खरं सांगू? मनात एक जळजळ आहे, ती कुठंतरी बाहेर काढायची आहे म्हणूनही.

माझं क्लिनिक परभणीत, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. दोन खोल्या, चार कॉट, मध्ये हिरवे पडदे. आमच्याकडच्या पेशंटला व्यायाम सांगितला की त्याचं तोंड वाकडं होतं. “ते वर-खाली करनं राहू द्या डॉक्टर, करंट लावा.” करंट जितका जोरात तितका गुण जास्त, अशी पक्की समजूत. एकानं लावून घेतला की शेजारच्या कॉटवरचा विचारणार, “तुमाला किती वर न्हेला? मला तर सतरापस्तोर दिला!” मी सुरुवातीला समजावून सांगायचो. नंतर नाद सोडला. मशीन लावायचं, टायमर फिरवायचा, पुढच्या कॉटकडे जायचं.

आक्का म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. तेव्हापासून बारावीपर्यंत वालूरला आक्काच्या घरीच वाढलो. आम्ही लिंगायत. आक्काच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं आणि ते अंगावेगळं होत नाही – अंघोळीला नाही, आजारपणात नाही, कशालाच नाही. रोज सकाळी अंघोळ झाली की लिंग डबीतून काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हातानं पाणी घालायचं, विभूती लावायची, बेल वाहायचा आणि त्याच्याकडे एकटक बघत बसायचं. ही पूजा झाल्याशिवाय आक्का पाण्याचा थेंब घेत नाही. आणि पूजा डाव्या तळहातावरच. पाटावर नाही, ताम्हणात नाही. तिच्या लेखी तळहात हाच देव्हारा.

तर दोन वर्षांपूर्वी तिला लकवा मारला आणि नेमकी डावी बाजू गेली.

पाय सुधारला, काठी घेऊन चालायला लागली. बोलणं तर पहिल्यापासून धड होतं. पण डाव्या हाताची मूठ वळली ती वळलीच. अंगठा आत, त्यावर चार बोटं गच्च. लकव्यानंतर हे होतं. मिटणारे स्नायू कडक होतात आणि उघडणारे झोपून जातात. मग आम्ही कोपराखाली मागच्या बाजूला दोन पॅड लावून उघडणाऱ्या स्नायूंना करंट देतो. करंट आला की मनगट वर उचलतं, बोटं उघडतात. दहा सेकंद. मग मशीन थांबतं, मूठ परत मिटते. असं वीस मिनिटं. महिनोन् महिने केलं, सोबत व्यायाम केला, तर कधीकधी हात स्वतःहून थोडा उघडायला लागतो. कधीकधी.

आक्का सोमवार, बुधवार, शुक्रवार यायची. मल्लूदादा, तिचा मुलगा, आणून सोडायचा आणि मोंढ्यात त्याची बाजाराची कामं उरकायला जायचा. पहिल्यांदा करंटनं तिची बोटं उघडली तेव्हा तिनं जो चेहरा केला तो मी विसरणार नाही. हसली नाही, रडली नाही. नुसती तळहाताकडे बघत राहिली.

“बसू,” मला लहानपणीच्या नावानं हाक मारत म्हणाली, “हातच हाय की रे ह्यो!”

“मग काय पाय असणार आहे का?” मी म्हणालो. हसलो दोघंही.

पंधरा-वीस दिवसांनी एका बुधवारी ती सकाळी लवकर आली. नंतर कळलं की घरून पूजा न करताच, म्हणजे उपाशी, तहानलेली निघाली होती. मी पॅड लावले, मशीन सुरू केलं. तिनं उजव्या हातानं गळ्यातली डबी उघडली.

“बसू, पाचच मिंटं. ह्ये उघडं हाय तवर लिंग ठिवते हातावर. सा म्हैने झाले रे, पाटावर ठिवून करायलेय. पाटावर! माजा जीव लागत न्हाई.”

चारही कॉट भरलेले होते. बाहेर बाकावर माणसं. मी सकाळपासून चहासुद्धा घेतलेला नव्हता.

“करंट चालू असताना हातात काही धरायचं नसतं.”

“आसं? काय हुतंय?”

“आक्का, हे थेरपीचं मशीन आहे, देव्हारा नाही! इथं पूजाबिजा नको. व्यायाम सांगितलेत ते करतेस का घरी?”

मी जोरात बोललो. पडद्यापलीकडे कुणीतरी फिदीफिदी हसलं. आक्कानं डबी मिटली, पदर सारखा केला.

आता ऐका. कोपराखालच्या पॅडमधला करंट तळहातापर्यंत पोचत नाही. तिथं लिंग ठेवलं असतं तर काहीही झालं नसतं. काहीही! दहा सेकंदांत मूठ मिटली असती, मी हात धरून ठेवला असता, तिची पूजा झाली असती. पाच मिनिटांचा प्रश्न होता. मी खोटं बोललो, कारण मला घाई होती, आणि माझी आत्या करंटवर पूजा करतेय हे पेशंटसमोर दिसलं तर माझी इज्जत जाईल असं वाटलं. इज्जत म्हणे. करंट लावून कमरेचे पट्टे विकणाऱ्या फिजिओची कसली आलीय इज्जत.

त्यानंतर आक्का आली नाही. मल्लूदादाला फोन केला तर म्हणाला, “नको म्हणतीय बाबा.” मीही जोर केला नाही. एक कॉट मोकळा झाला, असंही मनात आलं असेल. आलंच होतं.

दोन महिन्यांनी शोभावहिनीचा, म्हणजे दादाच्या बायकोचा फोन. सासूला ती आत्याबाई म्हणते.

“भावजी, आत्याबाईचा हात उघडायलाय.”

“किती? बोटं हलतात?”

“हलत न्हाईत. उघडतोय. पूजेपुरता. यून बघा तुमी, मला न्हाई सांगता येत.”

मी दुसऱ्या दिवशी पहाटेच मोटारसायकल काढली आणि मानवत रोडवरून वालूरला पोचलो. आक्काची अंघोळ नुकतीच झाली होती. देवघर म्हणजे स्वयंपाकघराचाच एक कोपरा, तिथं चप्पल आणि मोबाइल न्यायचा नाही हा वहिनीचा नियम. मोबाइल बाहेर ठेवला. लाइट गेलेली होती. खिडकीतून चांगला उजेड येत होता, सगळं स्वच्छ दिसत होतं.

आक्का पूजेला बसली. डावा हात मांडीवर, मूठ गच्च – मी स्वतः उघडायला गेलो, बोटं लोखंडी फुंकणीसारखी कडक. तिनं उजव्या हातानं लिंग काढलं, कपाळाला लावलं आणि मुठीजवळ आणलं.

मूठ उघडली.

झटका नाही, थरथर नाही. झोपलेलं लेकरू हात सोडतं तशी. चारही बोटं... आणि अंगठा. माझ्या मशीननं तिचा अंगठा एकदाही बाहेर आला नव्हता. तिनं तळहातावर लिंग ठेवलं, पाणी घातलं, विभूती लावली, बेल वाहिला आणि बघत बसली. समोर भिंतीवर सेलचं घड्याळ होतं. अकरा मिनिटं हात उघडा राहिला. करंटवर हाच हात दहा सेकंद उघडा राहायचा!

मला राहवलं नाही. मी हळूच तिच्या कोपराखाली बोटं ठेवली, जिथं पॅड लावायचो तिथं. हात उघडायचा तर तो स्नायू आवळलाच पाहिजे. दुसरा रस्ता नाही. बोटांना कडक लागतो तो, रोज हाताळतो मी. आक्काचा स्नायू मऊ होता. पार मऊ. मी दाबून पाहिलं, वर-खाली चाचपलं, पुढचे स्नायू पाहिले. काहीही काम करत नव्हतं. आणि हात उघडा होता, मनगट वर उचललेलं, त्यावर लिंग, पाणी, बेलाची पानं. मला माझ्याच बोटांचा भरवसा वाटेना.

पूजा झाली. तिनं लिंग उचललं. मूठ मिटली.

इथंच नमस्कार करून परत यायला हवं होतं. पण माझ्यातला शहाणा जागा झाला ना! परतीच्या वाटेवर सगळं जुळवलं: मेंदूतून काहीतरी सुरू झालंय, नेमक्या त्याच वेळी करंटची जोड दिली तर हात कायमचा सुटेल. एखाद्या जर्नलमध्ये केस छापून येईल. हेही मनात होतं, लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी बॅटरीवरचं छोटं मशीन घेऊन परत हजर.

वहिनी दारातच म्हणाली, “भावजी, राहू द्या की. चाललंय तसं चालू द्या.”

“वहिनी, तुम्हाला यातलं कळत नाही.”

मोबाइलसुद्धा आत नेला. केससाठी व्हिडिओ लागतो, असं वहिनीला सांगितलं. आक्काच्या हाताला पॅड लावले, मशीन सुरू केलं, करंट शून्यावर ठेवला आणि व्हिडिओ चालू केला. आक्का म्हणाली, “ह्ये कशाला बांदायलास?” मी म्हणालो, “तुझ्या भल्यासाठी.”

तिनं लिंग मुठीजवळ आणलं. मूठ उघडली नाही.

ती थांबली. परत कपाळाला लावलं, परत आणलं. नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. तिचा उजवा हात भरून आला. मला बघवेना, आणि मी काय केलं... करंट वाढवला. बोटं उघडली. झटक्यानं, अंगठा आतच.

“ठेव आक्का, ठेव! उघडलाय बघ!”

तिनं तळहाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“ह्यो तू उघडलास,” म्हणाली. “माजा न्हाई ह्यो.”

आणि लिंग डबीत ठेवून दिलं. त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत पाणी प्यायली नाही.

त्यानंतर तो हात एकदाही उघडला नाही. मी न्यूरोलॉजिस्टला विचारलं. ते म्हणाले, असं होत नाही. मी म्हणालो, होताना पाहिलंय. ते म्हणाले, स्नायू तुम्ही नीट चाचपला नसेल. पंधरा वर्षं मी दुसरं काय करतोय? पुरावा म्हणून माझ्याकडे तेवढा एकच व्हिडिओ आहे, आणि त्यात हाताला पॅड आहेत, शेजारी मशीन आहे, बोटं उघडतायत. आमच्या फिजिओंच्या ग्रुपवर टाकला होता. “छान रिझल्ट सर,” एकानं लिहिलं. “कुठल्या कंपनीचं मशीन?” सत्तावीस अंगठे आले.

आधी तिचा हात कशानं उघडत होता, मला माहीत नाही. माझ्या पॅडमुळे तो बंद झाला, की तसाही होणारच होता, तेही माहीत नाही. लोक म्हणतात श्रद्धा. मी म्हणत नाही. पण श्रद्धा म्हणायचं नाही तर काय म्हणायचं, हे मला कुणी सांगितलेलं नाही.

आता मूठ इतकी वळलीय की नखं तळहातात रुततात. वहिनी आत कापसाची गुंडाळी ठेवते. पूजेच्या वेळी वहिनी स्वतःचा हात आक्काच्या मुठीखाली पसरते आणि आक्का तिच्या तळहातावर लिंग ठेवते. दुसऱ्याच्या तळहातावर चालत नाही म्हणतात, पण आक्कानं ठरवलं म्हटल्यावर कोण बोलणार.

मागच्या महिन्यात गेलो होतो. वहिनीला ताप होता. मी अंघोळ करून आक्काजवळ बसलो आणि तिच्या मुठीखाली माझा हात धरला. तिच्या अंगाखांद्यावर वाढलोय मी. हक्क आहे की नाही माझा?

आक्कानं माझा हात हळूच बाजूला सारला. रागानं नाही.

“नको बाबा,” म्हणाली. “तू हाताकडंच बघत बसशील.”

आणि वहिनी तापातून उठेपर्यंत, उपाशीच, वाट बघत बसली.