कितव्या पानावर?

७ डिसेंबर १९८६, रविवार. सकाळपासून मी अंगणात वांगी भाजत होते. भावाने जळगावहून भरताची हिरवी वांगी पोतंभर पाठवली होती आणि दुपारी आमच्या वाचक मंडळाच्या बायका धुळ्याच्या आमच्या घरी जमणार होत्या. कापसाच्या काड्यांवर वांगं भाजलं की साल पटकन सुटतं, बोटं तेवढी पोळतात. तो दिवस इतका लख्ख आठवतो, कारण त्या दुपारी आमच्यातली एक जण स्वतःच्या जिवाचं सांगायला आली होती आणि मी तिला पान विचारलं.

मंडळ मीच काढलं होतं. मी शाळेत मराठी शिकवत असे. महिन्याला एक पुस्तक, आधी चर्चा, मग खाणं. नियम एकच: घरचं बोलायचं नाही. पहिल्या दोन बैठका सासवांवरच गेल्या, पुस्तक कुणी उघडलंही नाही, म्हणून मी तो नियम केला. पाळतही होते कडकपणे.

जिला मी पान विचारलं, ती मागच्या गल्लीत राहायची. नवरा बसवर कंडक्टर, माहेर शिरपूरकडच्या खेड्यातलं. घरात अहिराणी बोलायची, बैठकीत मात्र शब्द तपासून शुद्ध मराठी. तिला मीच आग्रहाने आणलं होतं. पुस्तक पूर्ण वाचून यायची, तोंड मात्र क्वचित उघडायची. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, माघातली तारीख होती.

त्या महिन्याची कादंबरी एका विधवेची होती. ती खानावळ काढते, चालवते आणि शेवटी अंथरुणाला खिळते. आमच्यात सर्वांत वडील अक्का. त्या म्हणाल्या, "ही गावाला जेवू घालते, पण तू जेवलीस का म्हणून हिला कुणी विचारत नाही. आपलं तरी काय वेगळं आहे? चला, आज प्रत्येकीनं तब्येत सांगायची. खरी खरी."

"माझे गुडघे बोलतात, मी गप्प असते," शिवणक्लासवाली म्हणाली.

"माझी तब्येत उत्तम. नवऱ्याची बदली झालीय," दुसरी म्हणाली.

"मग परत बोलावू नकोस गं त्याला!"

हशा झाला. मी टाळी वाजवली. "अक्का, नियम म्हणजे नियम. घरचं नको. कादंबरीतल्या बाईच्या तब्येतीवर बोला."

"बाई, तुमच्याकडे आलं की पाटी घेऊन आल्यासारखं वाटतं," अक्का म्हणाल्या.

तेव्हा मागच्या गल्लीतली ती बोलली. मांडीवरचं पुस्तक मिटलेलं होतं.

"मला वाटतं, तिला आतून काही झालं होतं. म्हणजे अंघोळ करताना तिला छातीशी गाठ लागते. सुपारीएवढी. दुखत नाही. ती कुणाला सांगत नाही. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं, लोक म्हणतील, आईला असं आहे, मुलीलाही होईल. म्हणून ती..."

मी माझी प्रत उचलली. "हे कितव्या पानावर आहे?"

तिने मिटलेलं पुस्तक दोन्ही हातांत धरलं.

"यात गाठ कुठंय? मी दोनदा वाचलंय."

"अहो, हिनं मधली पानं स्वतःच लिहिलेली दिसतात!" बदलीवाली म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. तीही हसली, तोंडाला पदर लावून.

"माझ्याच वाचण्यात चूक झाली असेल, बाई," ती म्हणाली. भरीत-पुरी जेमतेम खाल्ली आणि संध्याकाळी मुलीच्या सासरची मंडळी येणार आहेत, असं सांगून लवकर निघाली.

दिवेलागणीला भांडी आवरून झाल्यावर मी पुन्हा ती कादंबरी घेतली. चूक तिचीच आहे, याची खात्री करून घ्यायची होती, दुसरं काही नाही. शेवटची साठ-सत्तर पानं चाळली. गाठ नव्हतीच. आणि त्या खानावळवालीला मुलगीही नव्हती. दोन मुलगे होते.

पुस्तक हातात तसंच राहिलं. मुलगी कुणाची होती, लग्न कुणाच्या घरी होतं, हे मला पक्कं माहीत होतं.

मी त्या संध्याकाळी तिच्याकडे गेले नाही. घरात व्याही आहेत हे कारण खरं होतं. तिच्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती, हे जास्त खरं.

पुढचं लांबवत नाही. त्यानंतर ती सव्वा वर्ष होती. मुलीचं लग्न तिने उभं राहून केलं, पहिला नातू मात्र पाहिला नाही. मंडळ मी चालूच ठेवलं. तो नियम काढून टाकला, तसं सगळ्यांना सांगितलंही; पण तोवर बायकांना पुस्तकावरच बोलायची सवय लागली होती. तब्येत विचारली की सगळ्या बऱ्या असायच्या.

पण त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी मी शाळेत रजेची चिठ्ठी पाठवली आणि आठ वाजता तिच्या दारात गेले. ती लग्नाच्या पापडांसाठी उडदाची डाळ निवडत होती.

"चल, चपला घाल."

"कुठं, बाई?"

"दवाखान्यात."

तिने सूप बाजूला ठेवलं आणि काही न विचारता उठली. रिक्षात ती आपल्या बोलीत म्हणाली, "दुखस नही ना बाई, म्हनीसन सांगं नही." दुखत नव्हतं, म्हणून सांगितलं नाही. मग थोड्या वेळाने पुन्हा मराठीत, "एकदा आले होते सांगायला. आषाढात. तुम्ही पुस्तकांना कव्हरं घालत होता. मी म्हटलं, बाई, जरा माझं घरचं... तर तुम्ही म्हणालात, मंडळाच्या दिवशी घरचं नको." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला ती दुपार आठवेना.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पडद्याआड तपासलं, बराच वेळ. बाहेर येऊन हात धुतले, कागद पुढे ओढला.

"कधी लक्षात आलं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "महिना झाला असेल, साहेब."

डॉक्टर लिहू लागले.

"महिना नाही," मी म्हणाले. "पाच महिने झाले."

"मग इतके दिवस थांबलात कशाला?" ते तिच्यावर चिडले.

"ती थांबली नाही. ती मला सांगायला आली होती. मी ऐकून घेतलं नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, लिहिलेलं खोडलं आणि पाच लिहिलं. तिचा केसपेपर हातात घेऊन मी पुढच्या तपासणीसाठी दुसऱ्या खिडकीच्या रांगेत उभी राहिले.