भरीव अंगठी

शिलाई मशीनला तेल घातलं की त्या वासाने मला श्रीगोंद्याच्या सोनाराचं दुकान आठवतं. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. साखरपुडा तोंडावर आलेला आणि नवरदेवाची अंगठी मी माझ्या शिवणाच्या पैशांतूनच घेणार, असं घरात ठणकावून सांगितलेलं. हे नागापूरला कारखान्यात लेथ चालवायचे. यांच्या बोटाच्या मापाचा दोरा आला, त्यालासुद्धा तेलाचा वास होता. सोनाराने सारख्याच वजनाच्या दोन अंगठ्या पुढे ठेवल्या. एक पोकळ, पण नक्षीची, टपोरी. दुसरी भरीव, साधी, अगदी बारीक. सोबत आलेली आत्या म्हणाली, "मोठी घे की. ही बारकी पावन्यांना दिसनार बी न्हाई." मी म्हटलं, "लोखंडाशी काम करनारा हात हाय, पोकळ चेपंल. मला भरीवच पायजे." आत्या रुसून बाहेर जाऊन बसली, तरी मी भरीवच घेतली. लग्नानंतर कामावर निघताना यांनी ती काढून माझ्या हातात ठेवली. लेथवर अंगठी घालू देत नाहीत, हे मला कुठं माहीत! आत्या हे ऐकून कितीतरी वर्षं हसत होती. परवा हे निवृत्त झाले, तेव्हा डब्यातून अंगठी काढली, तर ती बोटाच्या सांध्यावरच अडली. त्याच दुकानात सोनाराच्या मुलाने ती सळईवर चढवली, हलकेच ठोकून वाढवली आणि म्हणाला, "भरीव हाय म्हनून वाढली. पोकळ असती तर फाटली असती." आत्याला आता नीट दिसत नाही, पण ऐकू स्वच्छ येतं. दुकानातून आम्ही थेट तिच्याकडेच गेलो.