जप्त केलेली नाव

त्या बाईची नाव मी जप्त केली, ती सकाळ आठवली की आजही माझे कान गरम होतात.

तेव्हा मी सौंसर भागात ठाणेदार होतो. रामाकोन्याकडच्या एका तलावात पावसाळाभर मासेमारी बंद असते, कारण तो मासोळीचा अंडी घालायचा काळ. राखण मत्स्य विभागाची. पण विभागाकडे ना नाव, ना डिझेलची तरतूद. म्हणून गावातल्या एका नाववाल्या बाईशी ठरले होते. तिने पाण्यावर गस्त घालायची, आठवड्यातून एकदा चाचणीचे जाळे टाकायचे, मासोळीचे पोट चिरून अंडी बाटलीत भरून विभागाला द्यायची. मासोळी मात्र तिने विकायची आणि त्यातूनच राखणीचा खर्च भागवायचा. त्यामुळे त्या दिवसांत बाजारात पोट चिरलेली मासोळी दिसली की ती चाचणीची, असे सगळेच धरून चालत.

एक दिवस मोहगावचा एक मासळी व्यापारी ठाण्यात आला. "साहेब, चाचणीच्या नावाखाली ते बाई रोजच जाळं टाकून राहिली. बाजारात जाऊन पाहा."

गेलो. चाचणीचा दिवस नसताना दोन टोपल्या चिरलेली मासोळी विक्रीला होती. विकणारा म्हणाला, "बाईच्या नावेवरची हाय." मला तेवढे पुरले. पंचनामा केला, टोपल्या सील लावून ताब्यात घेतल्या, नाव जप्त केली आणि बाईला ठाण्यात बोलावले. गुन्हा शाबीत झाला असता तर तिची नाव गेली असती आणि नावेबरोबर तलावाची राखणही.

दोन तास मी आवाज चढवून विचारत होतो. तिचे एकच उत्तर, "साहेब, मी कायले चोरी करू? हे पानी मीच तं राखून राहिली." शेवटी ती म्हणाली, "मले एक डाव मासोळी तं पाहू द्या."

मी वैतागून एका टोपलीचे सील तोडले आणि ती पुढे सरकवली. तिने एक मासोळी उचलली, चिरेत बोट घातले आणि अंड्यांची भरलेली पिशवी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"पाहा. अंडे आतच हायेत. मंग मी बाटलीत काय भरलं असतं?"

चीर असते ती अंडी काढायला; इथे कुणीतरी चाचणीचा नुसता देखावा केला होता. विक्रेत्याला पुन्हा समोर बसवले, तेव्हा त्याने खरे सांगितले. माल खबर देणाऱ्या व्यापाऱ्यानेच दिला होता. बाईला हटवून त्याला तिथे स्वतःच्या नावा घालायच्या होत्या. त्याला आणून मी विचारले, "चाचणीसारखे पोट चिरलेस, मग अंडी का ठेवलीस?"

मान खाली घालून तो म्हणाला, "साहेब, अंडेवाली मासोळी लोकं पयले नेतेत. फेकाले जीव नाही झाला."

एवढा धूर्त माणूस, पण त्याच्यातल्या दुकानदाराने त्याला पकडून दिले. मला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः नाव सोडायला गेलो आणि चूक माझी होती, हे काठावरच्या सगळ्यांसमोर सांगितले. फार हलके वाटले. बाईने राग धरला नाही. "बसा साहेब," म्हणून मला तलावभर हिंडवले. त्या दिवशी चाचणी होती. पहिली मासोळी वर आली तशी तिने सुरी माझ्या हातात दिली. "आता तुमीच करा पंचनामा."

मी पोट चिरले, अंडी काढली, बाटलीत भरली. झाकण लावताना मनात आले, कालही एवढेच करायचे होते. सील लावण्याआधी आत पाहायचे होते. पुढे नोकरीत ते मी कधी विसरलो नाही.