वाळूखालचे कुरव

माझी मावशी शिवणकाम करते. महिन्यातून एकदा मात्र मशीनवर कापड टाकून ती किनाऱ्यावर मेलेले पक्षी मोजायला जाते. धक्क्यापासून खाडीच्या तोंडापर्यंतचा पट्टा तिचा. मेलेला कुरव किंवा सुरय दिसला की वाकायचं, पंख उघडून तेल लागलंय का बघायचं आणि पायाला लाल दोरा बांधायचा, म्हणजे पुढच्या खेपेला तोच पक्षी पुन्हा मोजला जात नाही. गल्लीत तिचं नावच पडलंय, दोरेवाली. नंतर ती मोजणीच्या कार्यालयातल्या साहेबांना फोन करून आकडा सांगते. तेल सांडलं हे कुठलंच जहाज कबूल करत नाही. ते दिसतं पक्ष्यांच्या पंखांवर.

अलीकडे तिच्या गुडघ्याने दगा दिला. "चालायचं काही नाही गं, वाकणं जिवावर येतं," ती म्हणायची. मोजणी झाली की दोन दिवस अंथरुणावर. काका, तिचे यजमान, आयुष्यभर बस चालवून घरी बसलेले. ते स्वयंपाक करपवायचे आणि कुरकुरायचे. "मेले ते सुटले. जिता गुडघा आहे, त्याचं बघ."

मग किनारा रिकामा दिसू लागला. लागोपाठ तीन खेपा एकही पक्षी नाही. मावशी नुसती चालून यायची. एक दिवस साहेबांचा फोन आला.

"तुमचा किनारा एकदम साफ झालाय, मावशी. पुढच्या वर्षीपासून तो मोजणीतून काढतोय. तुम्हालाही आराम."

"सुटले एकदाची," फोन ठेवून मावशी म्हणाली. पण मशीनवर बसली तरी तिचा पाय हलेना. समोर जहाजं तशीच उभी होती, दगडांवर काळा चिकट थर तसाच होता. मग पक्षीच कसे मरायचे थांबले? आणि पुढच्या वर्षापासून बघणार तरी कोण?

पुढच्या मोजणीच्या पहाटे तिला जाग आली तेव्हा काका अंथरुणात नव्हते. ते मागच्या नळावर घासलेट लावून हात चोळत होते. शेजारी बागेतलं फावडं.

"कुठे गेला होतात?"

"फिरायला."

"तुम्ही? कोपऱ्यावरून दूध आणा म्हटलं तर तुमची कंबर धरते."

काका हात चोळत राहिले. नखांत काळं शिरलं होतं, ते काही निघेना.

"पुरले," ते शेवटी म्हणाले. "दर वेळी तुझ्या आधी जातो. दिसलेच नाहीत तर वाकणार कशाला तू?"

मावशी पायरीवर बसली. रागवायचं म्हटलं तरी अंगात त्राण हवं.

"अहो, ते पट्टाच बंद करायला निघालेत. सगळं साफ आहे म्हणून."

"हे मला कुठे माहीत?" काकांचा चेहरा उतरला. "मला वाटलं, कुणाचं काय बिघडतंय."

"किती होते?"

"मोजले नाहीत. ते तुझं काम."

उजाडल्यावर दोघं निघाले. काका फावडं घेऊन पुढे, मावशी काठी टेकत मागे. कुठे पुरले होते ते काकांना नीट आठवेना, दोन खड्डे तर फुकटच गेले. तिसऱ्यात कुरव सापडले, तेलाने चिकटून एकमेकांत गुंतलेले. मावशी दगडावर पाय लांब करून बसली. काका एकेक पक्षी तिच्या मांडीवरच्या फडक्यावर आणून ठेवत, ती पंख उघडून बघे आणि दोरा बांधे.

"गाठ दुहेरी मारतेस होय?"

"एकेरी लाटेने सुटते."

ऊन चढलं तशी काकांची कंबरही बोलू लागली. मागच्या महिन्यांतले पक्षी मात्र सापडलेच नाहीत. ते वाळूने गिळले ते गिळलेच.

मावशीने तिथूनच साहेबांना फोन लावला. "शून्य चुकीचं होतं. आधीचंही. चूक आमच्या घरची आहे."

साहेबांनी विचारलं, "म्हणजे पट्टा चालू ठेवायचा? तुम्हाला झेपेल?"

मावशीने काकांकडे पाहिलं. ते वाळूत फतकल मारून फावड्याला टेकले होते, डोळे मिटून.

"ठेवा चालू," ती म्हणाली, आणि हात पुढे केला. "उठा हो. खाडीपर्यंत अजून अर्धा किनारा आहे."

"आधी मला कुणीतरी उठवा," काका म्हणाले.